रस्त्याच्या जागी होडी

मराठी वाचकाला धार म्हटलं की पवारांचं संस्थान आठवतं. त्या संस्थानात कुक्षीचा परगणा होता आणि कुक्षीच्या दक्षिणेला, नर्मदेच्या अंगाला, निसरपूर. आठवड्याचा बाजार, धान्याचे व्यापारी, कुंभारांच्या भट्ट्या, केवट आणि कहारांची वस्ती असं ते निमाडातलं भरलेलं गाव होतं. २०१९ च्या पावसाळ्यात सरदार सरोवर पहिल्यांदा पूर्ण क्षमतेने, म्हणजे १३८.६८ मीटरपर्यंत भरलं आणि जुनं निसरपूर त्या पाण्याखाली गेलं. बाजाराच्या ज्या रस्त्यावरून बैलगाड्या आणि मोटारी जात, त्याच रस्त्यावरून काही दिवस होड्या फिरल्या. माणसं घरातलं सामान त्यात घालून नेत होती. आज नकाशावर निसरपूर दिसतं ते पुनर्वसनाचं, उंचावर प्लॉट आखून वसवलेलं.

निसरपुरापासून खाली, धरणापर्यंत, नर्मदेला आता नदी म्हणणं अवघड आहे. २१४ किलोमीटर लांबीच्या जलाशयाचा भाग आहे तो. धार, बडवानी, अलिराजपूर हे मध्य प्रदेशातले जिल्हे, महाराष्ट्रातला नंदुरबार आणि गुजरातचा काठ, सगळे या एकाच पाण्याला लागून आहेत. या प्रकल्पात जी २४५ गावं बाधित ठरली, त्यांतली मध्य प्रदेशातली १९३, महाराष्ट्रातली ३३ आणि गुजरातेतली १९. यातली बरीचशी माणसं पुनर्वसनाच्या वसाहतींत गेली. पण डोंगर मोठे असतात आणि पाणी सगळा डोंगर बुडवत नाही. शेत बुडतं, खालचा पाडा बुडतो, वाट बुडते. वरचा पाडा उरतो. अशा उरलेल्या पाड्यांवर आजही माणसं राहतात आणि त्यांचं बाजार, दवाखाना, रेशन, शाळा, मतदान सगळं होडीवर चालतं. मला सांगायचं आहे ते या होडीविषयी. ती तिथल्या लोकांनी हौसेने निवडलेली नाही. त्यांचा रस्ता सरकारी प्रकल्पात बुडाला, म्हणून ती आली. त्यामुळे तिची जबाबदारीही सार्वजनिक आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

पाण्यावर संसार करणारी माणसं जगात अनेक ठिकाणी आहेत. इंग्लंडातल्या कालव्यांवरच्या अरुंद नौका हे त्याचं एक प्रसिद्ध उदाहरण. तिथल्या बऱ्याच कालव्यांचे दरवाजे सुमारे सात फूट रुंदीचे बांधले गेले, म्हणून नौकाही तेवढ्याच रुंदीच्या आणि लांबीला सत्तर फुटांपर्यंत. कोळसा, माती, धान्य यांनी पोट भरलेल्या या नौकेच्या मागच्या टोकाला दहा फुटांची खोली असे. आईबाप, पोरं, शेगडी, भांडी, अंथरूण सगळं त्या खोलीत. दिवसा ज्या फळीवर बसायचं तीच रात्री खाट. घोडा काठावरून दोर ओढायचा आणि मूल सुकाणू धरायला शिकायचं ते चालायला शिकल्यावर लगेचच. हे जगणं सुखाचं नव्हतं. पण एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. १८७७ साली ब्रिटिश संसदेने या नौकांसाठी कायदा केला. नौकेची नोंदणी, खोलीत किती माणसं राहू शकतात याची मर्यादा, तपासनीसाची भेट, मुलांच्या शाळेची जबाबदारी हे सगळं त्यात आलं. १८८४ मध्ये त्याला आणखी बळकटी मिळाली. स्टोक ब्रुअर्न या गावी मेरी वॉर्ड नावाच्या परिचारिका कालव्याच्या काठीच नौकावाल्यांचा दवाखाना चालवत. १९५१ साली त्यांच्या कामाचा सरकारने पदक देऊन गौरव केला. आज त्याच कालव्यांवर हजारो लोक राहतात. त्यांना परवाना लागतो, दर चार वर्षांनी नौकेची सुरक्षा तपासून घ्यावी लागते, आणि ठिकठिकाणी काठावर पिण्याच्या पाण्याचे नळ आहेत.

कालव्यावरचं आणि जलाशयावरचं जगणं यांत मूळ फरक पाण्याच्या पातळीचा. कालवा माणसाने खोदलेला असतो आणि दरवाजे लावून त्यातलं पाणी एका ठरावीक उंचीवर राखलं जातं. काल जिथे नौका बांधली, तिथे ती आज बांधता येते. काठ पक्का, बाजूने चालायला वाट. जलाशयाचं तसं नाही. सरदार सरोवराची पूर्ण पातळी १३८.६८ मीटर आणि पाणी वापरण्याची किमान पातळी ११०.६४ मीटर. म्हणजे २८ मीटरचा फरक, साधारण नऊ मजली इमारतीएवढा. दरवर्षी तो सगळा वापरला जातो असं नाही. पण पावसाळ्याच्या अखेरीस भरलेलं पाणी उन्हाळ्यापर्यंत उतरत जातं, आणि किती उतरणार हे काठावरच्या माणसाच्या हातात नसतं. वीजनिर्मिती किती करायची, कालव्यात किती सोडायचं, वरच्या ओंकारेश्वर धरणातून किती यायचं, यावर ते ठरतं.

हे हिशोबाने पाहिलं की होडीचा घाट का टिकत नाही ते कळतं. सातपुड्याच्या बाजूला, नंदुरबारमधल्या मणिबेली, धनखेडी, चिमलखेडीकडे, काठ उभा आहे. उतार तीस अंशांचा धरला तर पाणी वीस मीटर उतरल्यावर होडीपासून जुन्या काठापर्यंत चाळीस मीटरची चढण उघडी पडते, आणि ती चढण चिखलाची. कित्येक महिने पाण्याखाली राहिलेली ती माती पाय धरते आणि सोडत नाही. डोक्यावर तांदळाची गोणी घेऊन, किंवा झोळीत बाळंतीण घेऊन, हा चिखल चढायचा-उतरायचा. निमाडाच्या सपाटीवर वेगळी अडचण. तिथे उतार शंभराला एक असला तर पाणी दहा मीटर उतरताच काठ एक किलोमीटर दूर जातो. निसरपूरच्या परिसरात म्हणूनच होडीचा धक्का ऋतूबरोबर सरकतो. उघड्या पडलेल्या जमिनीवर लोक गाळपेर करतात, पण ते पीक हाती लागेल की नाही हेही पुन्हा पाण्याच्या वेळापत्रकावर.

आणखी एक गोष्ट जलाशयाबद्दल फारशी सांगितली जात नाही. आपल्याला वाटतं, साचलेलं पाणी आरशासारखं सपाट असतं. स्थिर असताना असतंही. पण वरून पूर आला की फुगवट्याच्या वरच्या टोकाला पाणी धरणापाशी असलेल्या पातळीपेक्षा वर चढतं, कारण एवढं पाणी पुढे सरकायला उतार लागतोच. धरणाच्या भिंतीशी मोजमाप १३८ दाखवत असताना खूप वरच्या अंगाला पाणी त्याहून काही मीटर उंच असू शकतं. फुगवट्याची रेषा पुन्हा मोजून धार, बडवानी भागातली १५,९४६ कुटुंबं बुडिताबाहेर ठरवली गेली होती. सप्टेंबर २०२३ मध्ये वरच्या धरणांतून मोठा विसर्ग झाला आणि रेषेबाहेरच्या अनेक घरांत पाणी शिरलं. त्या वेळीही माणसांना बाहेर काढायला धावली ती होडीच.

आता होडीकडे येऊ. नर्मदेवर होडी जुनीच आहे. एकाच लाकडाची कोरलेली किंवा फळ्यांची लहान डोंगी मासे धरायला आणि पलीकडच्या काठाला जायला असायची. नदी वाहती होती तेव्हा नावाड्याचं कसब प्रवाह ओळखण्यात होतं. कुठे खडक, कुठे भोवरा, कुठे उथळ, हे पाण्याच्या अंगावरून वाचायचं आणि बांबू तळाला टेकवून नाव रेटायची. जलाशय झाल्यावर हे ज्ञान निम्मं निकामी झालं. बांबू तळाला लागत नाही. प्रवाह दिसत नाही. पूर्वी काठाकाठाने दिसणाऱ्या खुणा, तो आंबा, तो दगड, ते देऊळ, सगळं खाली. मणिबेलीजवळचं शूलपाणेश्वराचं जुनं मंदिर धरणाच्या सुरुवातीच्या पाण्यातच गेलं. नवं मंदिर गुजरातेत गोऱ्याला बांधलं आहे. पाण्याखाली बुडालेल्या झाडांचे वाळलेले बुंधे मात्र जागच्या जागी उभे. पाणी उतरलं की त्यांचे शेंडे पृष्ठभागाच्या हातभर खाली येतात, आणि नेमकं तेव्हा होडीचं बूड किंवा यंत्राचा पंखा त्यांवर आदळतो. नव्या नावाड्याने हे बुंधे पाठ केले आहेत. ही विद्या कुठल्या पुस्तकात नाही.

लांब पल्ल्यासाठी आता डिझेलच्या बोटी आहेत. मोठ्या, सपाट तळाच्या बोटीला तिथले लोक बार्ज म्हणतात. पोटात यंत्र, त्याच्या तोंडाला हॅण्डल. दोन-चार झटके मारल्यावर ते धडधडायला लागतं आणि मग बोलायचं ते ओरडूनच. काठावरून बोटीवर एक फळी टाकलेली असते. तिच्यावरून आधी माल चढतो: रेशनच्या गोण्या, मिठाचं पोतं, सिमेंट, पत्रे, कोंबड्या, शेळ्या, अनेकदा मोटरसायकलही. मग माणसं. बायका आणि लेकरं मध्ये, पुरुष कडेवर. सकाळी निघालेली बोट पाड्यापाड्याला टेकत जाते आणि हाक मारली की वळते. थांब्याला पाटी नाही. वरच्या कडेवर उभं राहून कोणी कापड हलवलं की नावाडी समजतो. बाजाराच्या दिवशी गर्दी वेगळी असते. महाराष्ट्राच्या काठावरच्या लोकांना धडगाव किंवा मोलगी डोंगर चढून गाठावं लागतं. त्यापेक्षा पाणी ओलांडून गुजरातेतल्या हाफेश्वरला उतरणं आणि तिथून कवांटच्या हाटाला जाणं पुष्कळदा सोपं पडतं. तिकडून मध्य प्रदेशातलं ककराणाही बोटीच्या वाटेवर. पिशवीतलं सामान एका राज्यातलं, दवाखाना दुसऱ्या राज्यातला, आणि सोयरे तिसऱ्यातले. पावरा आणि भिल्ल कुटुंबांची नाती नदीच्या दोन्ही काठांना आधीपासून होतीच. नदी हा त्यांच्या दृष्टीने कधी राज्याचा शेवट नव्हता.

या पाण्याचा सगळ्यात कठीण प्रसंग म्हणजे आजारपण. साप चावला, बाळंतीण अडली, पोराला जुलाब लागले, तर वेळ मोजायची ती अशी: पाड्यावरून बांबूला बांधलेल्या झोळीत घालून काठापर्यंत, काठावरून होडीत, होडीतून जिथे गाडीरस्ता येतो त्या ठिकाणी, तिथून धडगाव, अक्कलकुवा किंवा थेट नंदुरबार. प्रत्येक टप्प्यावर थांबणं आहे. रात्री तर बोट बाहेर काढायला नावाडी कचरतो, आणि बुडलेले बुंधे लक्षात घेतले तर त्याला दोष देता येत नाही. याच अडचणीतून अक्कलकुवा आणि धडगाव तालुक्यांतल्या नर्मदाकाठच्या गावांसाठी तरंगता दवाखाना आणि बोट ॲम्ब्युलन्स सुरू झाल्या. त्याला युरोपीय आयोगाची मदत होती. या दवाखान्यातल्या डॉक्टर-परिचारिकांचा मुक्काम बोटीवरच पडतो. तपासणी, औषधं, लसीकरण बोटीवर, आणि जेवणखाण, झोपही तिथेच. महाराष्ट्रात पाण्यावर ‘राहणं’ म्हणजे काय हे जर कोणाला खरोखर ठाऊक असेल, तर या कर्मचाऱ्यांना. २०२१ मध्ये करोनाची लसही याच बोटींनी पाड्यांवर पोचवली गेली.

त्याच्या आदल्या वर्षाची एक हकिगत देशभर गाजली, आणि ती गाजायलाच हवी होती. चिमलखेडीच्या अंगणवाडी सेविका रेलू वसावे यांच्याकडे अलिगाट आणि दादर इथले पाडे होते. टाळेबंदीत त्या पाड्यांवरच्या गरोदर बायका आणि लहान मुलं अंगणवाडीपर्यंत येईनात. रेलूताईंनी एका मच्छीमाराची छोटी होडी मागून घेतली आणि एप्रिल २०२० पासून स्वतः वल्हवत जायला लागल्या. जाऊन-येऊन १८ किलोमीटर. बरोबर पोषण आहाराची पाकिटं आणि बाळांचं वजन करायचा काटा. २५ बालकं आणि सात गरोदर माता त्यांच्या यादीत होत्या. या बातमीचं कौतुक करताना आपण एक गोष्ट विसरतो. वजनकाटा आणि पाकिटं शासनाची होती. होडी मात्र मागून आणलेली आणि दंड त्यांचे स्वतःचे. कामाच्या साधनांच्या यादीत होडी नव्हतीच. जिथे पाणी हाच रस्ता, तिथे अंगणवाडी सेविकेला सरकारी होडी आणि नावाडी मिळणं ही कौतुकाची नव्हे, हक्काची बाब असायला हवी होती.

शाळेचंही तसंच. नर्मदा बचाव आंदोलनाने १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला चिमलखेडीला पहिली जीवनशाळा काढली, नंतर निमगव्हाण आणि इतर गावांत त्या वाढल्या. या शाळा निवासी आहेत आणि त्यामागे एक साधं कारण पाणी हेच आहे: रोज होडीने लेकरू पाठवणं कोणत्याही आईला परवडत नाही. निवडणुकीत मतदान यंत्रं आणि कर्मचारीही बोटीनेच या गावांत जातात. म्हणजे लोकशाहीला या बोटीची गरज निवडणुकीपुरती पडते आणि तेव्हा ती अगदी वेळेवर मिळते.

धोक्याविषयी मोकळेपणाने लिहायला हवं. २०१९ च्या संक्रांतीच्या सुमारास भूषा गावाजवळ नर्मदेच्या पूजेला निघालेल्यांची बोट उलटली आणि माणसं बुडाली. त्यात लहान मुलं होती. अशी बोट का उलटते? सपाट तळाची बोट भरलेली असली तरी, माणसं खाली बसली आहेत तोवर सहसा तोल राखते. तोल जातो तो माणसं उभी राहिली की, आणि एका अंगाला सरकली की. उभ्या माणसांनी वजन वर जातं; बोट थोडी कलली की सगळे घसरून त्याच बाजूला येतात आणि कलणं वाढतच जातं. काठ जवळ आला, पलीकडून कोणी हाक मारली, फोटो काढायला सगळे एकीकडे झाले, एवढं पुरतं. त्यात वाऱ्याची भर. नदी अरुंद होती तेव्हा वाऱ्याला लाट उठवायला अंतरच मिळत नसे. आता काही ठिकाणी मैल-मैल उघडं पाणी आहे आणि दुपारच्या वाऱ्याने त्यावर लाटा उठतात. जुने नावाडी म्हणूनच सकाळीच निघायला सांगतात. शिवाय मगरी आहेत. पाण्यात पडलेल्या माणसाला पोहता येणं एवढंच पुरेसं नसतं.

परिक्रमेला जाणाऱ्या मराठी माणसांना हा काठ वेगळ्या अर्थाने परिचित आहे. नर्मदा ओलांडायची नाही, हा परिक्रमेचा नियम. समुद्राशी एकदा होडीत बसायचं ते सोडून. शूलपाणीच्या झाडीतली जुनी पायवाट पाण्यात गेल्यामुळे परिक्रमावासी आता वरच्या अंगाने वळसा घेतात. ज्या पट्ट्यात यात्रेकरू होडी टाळतो, त्याच पट्ट्यात स्थानिक माणसाला होडीवाचून चालत नाही. वळसा घालायला यात्रेकरूकडे दिवस असतात. अडलेल्या बाळंतिणीकडे नसतात.

कागदावर पाहिलं तर साधनं नाहीत असं नाही. २०१६ च्या कायद्याने देशात १११ राष्ट्रीय जलमार्ग ठरले, त्यात नर्मदा ७३ क्रमांकावर आहे. अंतर्गत जलवाहतुकीचा शंभर वर्षांहून जुना कायदा बदलून २०२१ साली नवा कायदा आला. त्यात बोटींची नोंदणी, तपासणी, विमा, चालकाची पात्रता यांच्या तरतुदी आहेत, आणि यंत्र नसलेल्या होड्यांचाही विचार केलेला आहे. कुक्षीजवळच्या मेघनाद घाटापासून थेट स्टॅच्यू ऑफ युनिटीपर्यंत पर्यटकांसाठी क्रूझ चालवण्याची योजनाही मध्य प्रदेशने जाहीर केली आहे. म्हणजे निसरपूरच्या जुन्या शेतांवरून, बुडालेल्या घरांवरून एक वातानुकूलित नौका जाईल. तिला धक्का बांधला जाईल, पाणी उतरलं तरी टेकता यावं म्हणून तरंगता फलाट लागेल, बुडालेल्या झाडांपासून सुरक्षित मार्ग आखून त्यावर खुणा लावल्या जातील. हे सगळं होऊ शकतं हे त्यातून सिद्ध होतं. पर्यटकांसाठी जे होऊ शकतं ते भूषाच्या, डनेलच्या, मणिबेलीच्या रोजच्या प्रवाशासाठी का होऊ नये?

मागणी फार मोठी नाही. धडगाव-अक्कलकुव्याच्या काठाला एस.टी.सारखी ठरल्या वेळेची बोट, तिकिटासह. तीन-चार ठिकाणी पाण्याबरोबर वर-खाली होणारे तरंगते धक्के. प्रत्येक बोटीवर माणसांच्या संख्येइतकी जीवरक्षक जॅकेटं आणि किती माणसं बसतील तो आकडा रंगाने मोठ्या अक्षरांत लिहिलेला. बुडालेल्या बुंध्यांवर तरंगत्या खुणा. स्थानिक नावाड्यांना परवाना आणि प्रशिक्षण. त्यांच्या जागी बाहेरचा ठेकेदार नको, कारण त्या पाण्याखाली काय आहे हे त्यांनाच ठाऊक आहे. आणि पाण्याची पातळी किती उतरणार-चढणार याची आगाऊ सूचना, काठावरच्या प्रत्येक पाड्याला, त्यांच्या भाषेत.

सरदार सरोवराच्या विजेतला २७ टक्के वाटा महाराष्ट्राचा आहे. त्या वाट्यातून एक नियमित बोटसेवा चालवणं राज्याला सहज परवडेल. नंदुरबारचे लोकप्रतिनिधी हा प्रश्न विधानसभेत मांडतील तेव्हा त्यांना पाठिंबा द्यायला पुण्या-मुंबईच्या वाचकांनीही आवाज उठवावा.